हँग होतंय ते नेमकं काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की डहाणू आणि तलासरीच्या तहसील कचेऱ्यांच्या आसपास झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, त्यापुढे जात पडताळणीचा अर्ज. प्रवेशाची तारीख डोक्यावर आलेली असते आणि पाड्यांवरून एसटीने किंवा टमटमने आलेली माणसं सेवा केंद्राच्या बाकावर कागद मांडीवर घेऊन बसलेली असतात. टेबलावरचा संगणक सात-आठ वर्षांचा. पडद्यावर छोटं निळं वर्तुळ गरगरत राहतं. केंद्रचालकाच्या तोंडी अशा वेळी दोन वाक्यं असतात. एक, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ दुसरं, ‘पीसी हँग झालाय.’ बाकावरच्या माणसाला दोन्हींतून एकच कळतं, उद्या परत यायचं. म्हणजे आणखी एक रोजगार बुडणार.

या दोन तक्रारींचे उपाय मात्र अगदी वेगळे. पहिलीपुढे केंद्रचालकाचा इलाज नाही. दुसरीवर तो पुष्कळ काही करू शकतो, पण बहुतेक ठिकाणी घाईघाईने भलतंच केलं जातं. फॉरमॅट मारला जातो, नवा अँटिव्हायरस टाकला जातो, नाहीतर चांगला चालण्याजोगा संगणक भंगारात जातो आणि हप्त्यावर नवा येतो. संगणक कुठे अडकतोय हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि ते पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते डेव्ह प्लमर यांनी तो मुळात घरी, स्वतःच्या वेळात लिहिला होता. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मधून तो लोकांपर्यंत पोहोचला. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने दिसतात. संगणक रखडत असेल नेमक्या त्या वेळी ही खिडकी उघडायची आणि कोणता रकाना गडद होऊन शंभर टक्क्यांकडे गेलाय ते पाहायचं. चारही आकडे निवांत खाली असतील आणि तरी पान उघडत नसेल, तर संगणक निर्दोष आहे. खात्रीसाठी तेच संकेतस्थळ मोबाइलच्या डेटावर उघडावं. मोबाइलवर झटकन उघडलं तर दुखणं केंद्रातल्या इंटरनेट जोडणीत आहे. तिथेही तेच रडगाणं असेल तर दोष पलीकडच्या सर्व्हरचा. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि राज्यभरातून लोक एकाच वेळी तुटून पडले, तेव्हा नवाकोरा संगणक असलेल्यांनाही ताटकळत बसावं लागलं. अशा दिवशी रॅम वाढवून काय होणार?

जुन्या यंत्रांत बहुतेक वेळा जो रकाना तापलेला दिसतो तो डिस्कचा. संगणक सुरू करून दहा मिनिटं झाली, चालकाने अजून काहीही उघडलेलं नाही, आणि डिस्क मात्र १०० टक्के. हे दृश्य दिसलं तर पुढचं सगळं निदान जवळपास झालंच म्हणायचं.

कारण साधं आहे. हार्ड डिस्क हे फिरणारं यंत्र आहे. आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक नावाच्या यंत्रात पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून मावायचा पाचेक एमबी मजकूर, म्हणजे आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. तबकड्या पुढे तळहातावर मावतील एवढ्या झाल्या, साठा लाखो पटींनी वाढला, पण तत्त्व तेच राहिलं. ग्रामोफोनच्या सुईसारखा एक हेड तबकडीवरच्या नेमक्या जागी सरकायचा आणि हवा तो मजकूर फिरत फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबायचं. लॅपटॉपमधली स्वस्त डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. मजकूर सरासरीने अर्ध्या फेऱ्यावर असतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबणं आलं. हेड सरकायला आणखी दहा-बारा. बेरीज केली तर वेगवेगळ्या जागी विखुरलेले तुकडे अशी डिस्क सेकंदाला जेमतेम साठ वाचते. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे वाचते, वर अँटिव्हायरस त्याच वेळी तपासणीला बसतो आणि अपडेटही तेव्हाच उतरू लागतं. रांग लागणारच.

हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. चिपमधली एक जागा वाचायची काय आणि दुसरी वाचायची काय, वेळ जवळपास सारखाच. साध्यातली साधी साटा एसएसडीदेखील असे विखुरलेले तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. गंमत म्हणजे खोक्यावर छापलेला आकडा हा फरक लपवतो. तिथे सेकंदाला ५०० किंवा ५५० एमबी असं लिहिलेलं असतं. हार्ड डिस्कही सलग मजकूर शंभरेक एमबीच्या वेगाने वाचते, तेव्हा ग्राहकाला वाटतं की पाचपट फायदा. प्रत्यक्षात रोजच्या कामात सलग वाचन थोडं आणि विखुरलेलं जास्त, म्हणून फरक पाचपटीपेक्षा कितीतरी मोठा जाणवतो. तीन-चार मिनिटं घेणारा संगणक अर्ध्या मिनिटात हाताशी येतो. दुरुस्तीच्या दुसऱ्या कोणत्याही एका खर्चातून एवढा बदल होत नाही.

हार्ड डिस्क किती नाजूक असते याचा एक किस्सा डहाणूकरांना विशेष पटेल. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतो. सन मायक्रोसिस्टीम्समधले ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ मध्ये डेटा सेंटरमधल्या डिस्कच्या कपाटापुढे उभं राहून जोराने ओरडून दाखवलं आणि त्या क्षणी डिस्कचा प्रतिसाद मंदावल्याचं पडद्यावरच्या आलेखात उमटलं. आवाजाच्या कंपनाने हे होत असेल, तर ज्या भागात जमीनच हलते तिथे काय? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का चार रिश्टरच्या पुढचा होता. धुंदलवाडीचं नाव त्या काळात राज्यभर झालं, लोकांनी कडाक्याच्या थंडीत तंबूत रात्री काढल्या. पण महिनोन् महिने रखडणाऱ्या संगणकाचं खापर धक्क्यांवर फोडता येणार नाही. धक्का काही सेकंदांचा असतो. टेबलावरून पडलेलं सीपीयूचं खोकं, चालू स्थितीत एका टेबलावरून दुसऱ्यावर उचलून नेलेला लॅपटॉप, यांनी डिस्कचं जास्त नुकसान होतं.

म्हणून डिस्क बदलण्याआधी तिची तब्येत पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत मिळणारा जपानी प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच ठेवलेली नोंदवही उघडून दाखवतो. बाद झालेल्या जागांचा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल, तर ती डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. तिचं मंदावणं हे मरणाचं लक्षण आहे. तिथे वेग वाढवण्याच्या युक्त्या करत बसू नये, आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. त्याच नोंदवहीत सीआरसी त्रुटींचा वेगळा आकडा असतो. तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या केबलचा असतो, आणि ही केबल अगदी थोडक्या पैशात मिळते.

खरेदीचं म्हटलं तर तलासरीकरांना वापी जवळ. डहाणूकरांना पश्चिम रेल्वेच्या त्याच रुळांवर ग्रँट रोड आहे, आणि स्टेशनातून चालत गेलं की लॅमिंग्टन रोड. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली तेव्हापासून ही फेरी सोपी झाली आहे. नामांकित कंपनीची, पक्क्या बिलाची आणि वॉरंटीची एसएसडी घ्यावी. अविश्वसनीय स्वस्तात एक-दोन टीबी देणारी वस्तू बहुतेकदा आतून छोटी आणि पडद्यावर मोठी दिसेल अशी बनवलेली असते. कार्यालयीन कामाला २५६ जीबी पुरते. दहा वर्षांपूर्वीच्या संगणकातही अडीच इंची साटा एसएसडी बसते, नवी पट्टीसारखी एनव्हीएमई बसेलच असं नाही, तेव्हा आधी खोकं उघडून पाहावं.

दुसरा रकाना मेमरीचा. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम पुरायची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे हजार पटींहून जास्त. पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच एक लेख लिहून तक्रार केली होती की यंत्रं जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर जडावत चाललं आहे. तीस वर्षांत त्यांना खोटं ठरवायची कोणाची तयारी दिसत नाही.

४ जीबीच्या यंत्रावर क्रोममध्ये दाखल्याचं पोर्टल, सातबाराचं पान, व्हॉट्सअॅप वेब आणि एक यूट्यूब उघडलं की मेमरी भरते. मग विंडोज काही मजकूर डिस्कवर सारू लागते, आणि डिस्क जर फिरणारी असेल तर वर सांगितलेली रांग पुन्हा सुरू होते. त्यामुळे पुष्कळदा दोन रकाने एकत्र तापतात आणि माणूस गोंधळतो. ८ जीबी हा आजचा सुसह्य आकडा. पण २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी चिप ओढून घेतल्याने रॅमचे भाव भडकले आहेत. जुन्या यंत्राला लागणारी डीडीआर-३ रॅम वापरलेली चालते. शाळेत दोन बंद संगणक पडून असतील तर त्यांच्यातल्या पट्ट्या काढून तिसऱ्यात बसवता येतात, पिढी तेवढी जुळली पाहिजे.

पैसे न घालताही बरंच साधतं. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ असा भाग आहे. संगणकाबरोबर आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात: प्रिंटरचा अपडेटर, कधीकाळी टाकलेला टॉरेंट, गेमचा लाँचर, दोन-तीन चॅटची ॲप्स. ते बंद करावेत. सेवा केंद्रात एक पथ्य मात्र पाळावं लागतं. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस पार्श्वभूमीला चालू असावीच लागते. ती बंद केली तर ई-केवायसी अडेल आणि दिवसभर दोष यंत्राला दिला जाईल. याउलट दोन अँटिव्हायरस एकाच संगणकात नांदत असतील तर एकाला निरोप द्यावा. प्रत्येक फाइल दोघं तपासतात. घरगुती वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ केल्यावर संगणक पूर्ण विझतोच असं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर जतन होतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. आठवडाभर रोज बंद केलेल्या संगणकातही टास्क मॅनेजरमधला ‘अप टाइम’ पाच-सहा दिवसांचा दिसतो तो यामुळे. अडकलेला संगणक मोकळा करायचा तर ‘रिस्टार्ट’ निवडायला हवं.

याच्या जोडीला काही हातसवयी आहेत, ज्या एका पिढीने दुसरीला शिकवल्या. एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने २००१ मध्ये सुरू केल्यापासून गावोगावच्या मुलामुलींनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो अशा वर्गांत, आणि बहुतेकांच्या बोटांत एक चाळा कायमचा बसला: डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ मारायचा. एकदा नव्हे, पाच-सात वेळा. त्याने पडद्यावरची चित्रं पुन्हा मांडली जातात, यापलीकडे काहीही होत नाही. वेग तर नाहीच. तसाच दुसरा विधी ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामं करण्याचा. प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज तिथे टिपणं ठेवते, ती पुसली की पुढच्या खेपेला प्रोग्रॅम उलट उशिरा उघडतात. ‘टेम्प’मधला कचरा काढायला हरकत नाही, पण डिस्क काठोकाठ भरलेली नसेल तर त्याने वेगात फरक पडणार नाही. डीफ्रॅग एसएसडीवर हाताने चालवू नये, विंडोज लागेल ती देखभाल ठरावीक दिवसांनी स्वतः करते.

राहिला फॉरमॅट. त्याने खरोखर फरक पडतो, म्हणूनच तो लोकप्रिय आहे. साचलेले प्रोग्रॅम जातात, चार महिने बरे जातात, मग तेच प्रोग्रॅम परत येतात. मधल्या मध्ये टॅलीचा डेटा जातो, डिजिटल स्वाक्षरीची मांडणी जाते, श्रीलिपीतली जुनी पत्रं उघडेनाशी होतात. घोलवडच्या चिकू व्यापाऱ्याला ऐन हंगामात हे परवडत नाही. त्यात पेन ड्राइव्हवरून टाकलेली विंडोज चोरीची असेल तर तिला ‘ॲक्टिव्हेट’ करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमबरोबर काय आत शिरलं हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्रोसेसरचा रकाना काम नसताना सत्तर-ऐंशी टक्क्यांवर असेल तर संशय अशाच पाहुण्याचा घ्यावा.

प्रोसेसर आणखी एका कारणाने मंदावतो, ते म्हणजे उष्णता. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तलासरीत महामार्गालगतच्या दुकानात पंख्याच्या पात्यांवर वर्षभरात धुळीचा थर बसतो. वीज काढून, पंखा बोटाने धरून ब्लोअरने तो उडवावा. पंखा मोकळा फिरू दिला तर त्याचं बेअरिंग जातं. चार-पाच वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळते, ती बदलावी. काही कंपन्यांच्या लॅपटॉपला भलताच चार्जर लावला तर तो ओळखला जात नाही आणि लॅपटॉप मुद्दाम हळू चालतो. हे कारण तर हजारांत एखाद्याच्याच लक्षात येतं.

बोर्डी, नरपड, चिंचणीच्या किनाऱ्यावर धुळीपेक्षा खारी हवा वाईट. मीठ आणि पावसाळी दमटपणा मिळून धातूचे जोड गंजवतात. संगणक सुरूच होत नाही, नुसता बीप बीप करतो, तेव्हा दुरुस्ती करणारा रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासतो आणि संगणक चालू होतो. पाहणाऱ्याला जादू वाटते, पण त्यात काही खोटं नाही, जोडावरची पुटं निघालेली असतात. आठवडाभर बंद ठेवण्यापेक्षा पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ चालवणं बरं, आतली ऊब ओल धरू देत नाही.

विजेची तऱ्हा वेगळीच. डहाणूच्या खाडीकाठचा ५०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवतो, तालुक्यातल्या घरांत येते ती महावितरणची, आणि पावसाच्या पहिल्या वाऱ्यात ती जाते. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते. विंडोजची फाइल व्यवस्था स्वतःचा सांगाडा सावरते, आतला मजकूर वाचेलच याची हमी नाही. असं वारंवार झालं की सुरू होताना लांबलचक तपासणी लागते आणि लोक म्हणतात, संगणक स्लो झाला. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते, पण दिवा जळत राहतो म्हणून कोणी बदलत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक असेल तर मागच्या बाजूचं बटण ‘यूपीएस मोड’वर आहे ना ते पाहावं. नाहीतर वीज जाताच पंखा चालू राहील आणि संगणक बंद पडेल.

इतकं करूनही एक भिंत उरते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या, म्हणजे २०१७ नंतरच्या, प्रोसेसरलाच अधिकृतपणे चालते. त्याआधीचं यंत्र एसएसडी घालून कितीही पळालं तरी त्यावर सरकारी कामाचे पासवर्ड किती काळ ठेवायचे हा प्रश्न आहे. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळते, तोवर विचार करायला वेळ आहे. आश्रमशाळेच्या किंवा वाचनालयाच्या संगणकाला लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती उत्तम चालते. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस ही देशी लिनक्सही आहे. सेवा केंद्राने मात्र ठशांचं यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरी तिच्यावर चालतात का हे आधी तपासावं.

‘तुमचा संगणक मंद झाला आहे, १,४२६ दोष सापडले’ अशी लाल पाटी ब्राउझरमध्ये उसळली तर ती सरळ बंद करावी. वेबपानाला संगणकातले दोष मोजता येत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेत ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांना अशाच फसव्या तपासणीपायी मिळून साडेतीन कोटी डॉलर मोजावे लागले. ग्राहकाने ‘संगणक हळू चालतो’ या खुणेवर टिचकी मारली की तपासणीचा निकाल ‘विषाणू सापडले’ असा ठरलेलाच असे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून बनावट तांत्रिक मदत केंद्रांवर छापे घातले. अशा केंद्रातून फोन आला, संगणकाचा ताबा दुसऱ्याला देणारं एनीडेस्क टाकायला सांगितलं आणि पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

एसएसडी बसवली की जुनी हार्ड डिस्क हातात उरते. तब्येत बरी असेल तर यूएसबीच्या डबीत घालून ती बॅकअपला वापरता येते. पण सेवा केंद्रातली असेल तर तिच्या ‘डाउनलोड्स’मध्ये अनेक वर्षांची आधार कार्डं, बँक पासबुकं, जातीचे दाखले आणि वनहक्काचे कागद पडलेले असतात. डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने ते पुसले जात नाहीत, मोफत प्रोग्रॅमने परत काढता येतात. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी तिच्यावर विंडोजमधला पूर्ण फॉरमॅट चालवावा, ‘क्विक’समोरची खूण काढून. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, म्हणून केंद्र बंद करताना लावून जावं. डिस्क चालूच होत नसेल तर ती उघडून तबकडीवर हातोडा घालावा. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते, तेव्हा आधी जाड फडक्यात गुंडाळून.